रजोनिवृत्तीनंतरचा अस्थिक्षय : जवस, सोयाबीन आणि आपला सल्ला

वाग्भटाचार्यांनी वर्णिलेला अस्थी व वात यांचा आश्रयाश्रयी भाव आपणांस परिचित आहेच. इतर धातूंच्या विपरीत येथे वातवृद्धी म्हणजे अस्थिक्षय. सुश्रुतांनी पन्नाशीला सांगितलेली रजोनिवृत्ती वातप्रधान वयाच्या उंबरठ्यावर येते. आधुनिक मतानुसार इस्ट्रोजेन घटताच हाडे झिजविणाऱ्या पेशींवरील अंकुश सुटतो व पहिल्या काही वर्षांत झीज वेगाने होते.

सोयाबीनमधील जेनिस्टीन व डेडझीन इस्ट्रोजेनच्या ग्राहींना क्षीणपणे चिकटतात. जवसातील लिग्नॅनपासून आतड्यातील जीवाणू तशीच द्रव्ये बनवितात. यावरूनच ‘हाडांसाठी’ म्हणून आयसोफ्लॅव्होनच्या कॅप्सूल विकल्या जातात. प्रत्यक्ष पुरावा मात्र तोकडा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत रोज २०० मिलिग्रॅम सोया आयसोफ्लॅव्होन दोन वर्षे देऊनही झीज थांबली नाही. कॅनडातील २००५ च्या चाचणीत रोज ४० ग्रॅम जवस वर्षभर देऊन अस्थिघनतेत फरक पडला नाही. इटलीतील २००७ च्या चाचणीत शुद्ध जेनिस्टीनने लाभ दिसला खरा. तेवढ्यावर कॅप्सूलची हमी देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

मग जवस सोडावे काय? मुळीच नाही. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत उतेरा म्हणून येणारे हे पीक; त्याची चटणी कामठीच्या घराघरांत आहे. उष्ण, गुरु, स्निग्ध, वातघ्न असे हे द्रव्य आहार म्हणून उत्तमच. दाणे भाजून कुटावेत, अख्खे तसेच बाहेर पडतात. कूट थोडेच करावे, लवकर खवट होते. तेलात लिग्नॅन जवळजवळ नसतात, हे तेल विकणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

बाबू हरदास यांनी संघटित केलेल्या विडी कामगारांच्या या गावात दिवसभर घरात बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीला ऊन मिळत नाही, चालणे घडत नाही. तिला कॅप्सूलपेक्षा ऊन, दूध, नाचणी, डाळ आणि रोजचे चालणे आधी सांगावे. अस्थिक्षयात तिक्तक्षीरबस्तीचा विचार आपण करतोच.

औषधी दुकानदारांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. थायरॉईडची गोळी चालू आहे काय? सोयाबीनने तिचे शोषण घटते. दोहोंत किमान चार तासांचे अंतर हवे. स्तनाचा कर्करोग झाला होता काय? असल्यास आयसोफ्लॅव्होनची कॅप्सूल देऊ नये, कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे. किरकोळ पडण्याने मनगट मोडलेल्या किंवा उंची घटलेल्या रुग्णेस अस्थिघनतेच्या डेक्सा तपासणीसाठी नागपुरास विनाविलंब धाडावे.