तेल, गाळ आणि पाणी

खेड्यातील घराच्या परसात उकिरडा असतो. गोठ्यातील शेण, चुलीतील राख, भाजीचे देठ, अंगणातील पालापाचोळा हे सर्व तेथे जाऊन पडते. पावसाळा जवळ आला, की त्याचेच काळेभोर खत गाडीत भरून शेतावर नेले जाते. जे मातीतून आले ते मातीत परत गेले, असा हा सरळ व्यवहार आहे. मातीत असंख्य सूक्ष्म जीव असतात. पाने, गवत, शेण हे त्यांचे अन्न होय. ते हे अन्न पचवितात आणि पिकांसाठी खाऊ तयार करून ठेवतात.

यंत्रयुगाने ह्या व्यवहारात मोठा पालट घडवून आणला. कारखान्यांतून बाहेर पडणारी तीव्र आम्ले, रंगांचे कृत्रिम घटक, शिसे किंवा पारा ह्यांसारखे धातू आणि तेलकट गाळ मातीला सहजासहजी पचत नाहीत. धातू तर मूलद्रव्येच आहेत. ती पुरली तरी राहतात, जाळली तरी राखेत वा धुरात उरतात. म्हणून अशा पदार्थांविषयी ‘हे कोठे टाकावे?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘टाकल्यानंतर ह्याचे पुढे काय होईल?’ हा खरा प्रश्न आहे. खनिज तेलाच्या विहिरीचे उदाहरण घेतले, म्हणजे ह्या प्रश्नाचे स्वरूप चांगले ध्यानात येते.

आपल्या देशात आसामातील दिग्बोई येथे १८८९ साली तेलाची विहीर लागली. त्यानंतर पंचाऐंशी वर्षांनी, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात ‘सागर सम्राट’ ह्या खोदकामाच्या जहाजाने १९७४ च्या जानेवारीअखेर समुद्रतळाला छिद्र पाडण्यास आरंभ केला. फेब्रुवारीत तेल आढळले आणि मे १९७६ पासून ते काढले जाऊ लागले. हेच ‘मुंबई हाय’ नावाने प्रसिद्ध झालेले तेलक्षेत्र होय.

तेलाची विहीर पाण्याच्या विहिरीसारखी ऐसपैस नसते. ती म्हणजे हजारो मीटर खोल गेलेले एक अरुंद छिद्र असते. पोकळ पोलादी नळाच्या टोकाला बळकट दातांचे गिरमिट बसवितात आणि ते फिरवीत फिरवीत खडक कुरतडीत जातात. ह्या वेळी नळातून एक दाट द्रव सतत खाली सोडला जातो. तेल काढणाऱ्यांच्या बोलीत त्याला ‘मड’ म्हणजे चिखलच म्हणतात. पण तो साधा चिखल नव्हे. पाणी, बेंटोनाइट नावाची चिकणमाती, वजनदार बराइट आणि काही रसायने ह्यांचे ते मोजूनमापून केलेले मिश्रण असते. बेंटोनाइट कच्छमध्ये विपुल सापडते, तर बराइटची मोठी खाण आंध्र प्रदेशात मंगमपेट येथे आहे. हा चिखल तापलेल्या गिरमिटाला थंड करतो, विहिरीच्या भिंती ढासळू देत नाही, आणि आपल्या भाराने खालचे तेल व वायू ह्यांना उसळून वर येण्यापासून रोखून धरतो. मग तो खडकाचा चुरा बरोबर घेऊन नळाच्या बाहेरील फटीतून पृष्ठभागावर परत येतो.

हा चुरा किती असतो? सरासरी ३० सेंटिमीटर व्यासाची आणि ३,००० मीटर खोलीची विहीर घेतली, तर केवळ गणिताने सुमारे २१२ घनमीटर खडक बाहेर पडतो. त्याचे वजन पाचशे टनांहून अधिक भरेल. दहा टनांच्या एका मालमोटारीत तो भरावयाचा म्हटले, तर पन्नासांवर मोटारी लागतील. हे झाले एका विहिरीचे! शिवाय ह्या चुऱ्याला चिखलातील रसायने चिकटलेली असतात. कधी कधी तेलही असते.

म्हणून बाहेर आलेला चिखल प्रथम थरथरणाऱ्या चाळणीवर पसरतात. खडकाचे तुकडे वर राहतात व चिखल खाली गळतो. उरलेली बारीक वाळू अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रांच्या साहाय्याने वेगळी करतात. असा निवळलेला चिखल पुन्हा विहिरीत सोडता येतो. जे पुन्हा वापरता येते ते टाकावे लागत नाही. कचऱ्याच्या विल्हेवाटीचा हा पहिला आणि सर्वांत स्वस्त मार्ग होय. राहिलेला चुरा स्वच्छ धुतात. जमिनीवरील विहीर असल्यास, पाणी झिरपू न देणारे अस्तर लावलेल्या खड्ड्यात तो ठेवावा लागतो. समुद्रातील विहीर असल्यास, तो सागरी जीवांना घातक नाही अशी परीक्षा झाल्यावरच आणि तोही थोडाथोडा करून समुद्रात सोडण्याची परवानगी असते. डिझेल मिसळलेला चिखल वापरण्यास तर आपल्या देशात नियमाने बंदी आहे.

विहिरीतून तेल येऊ लागले, की दुसरा सोबती हजर होतो, तो म्हणजे पाणी. लक्षावधी वर्षे तेलाशेजारी खडकाच्या छिद्रांत कोंडलेले हे पाणी खारट असते, आणि त्यात तेलाचे सूक्ष्म थेंब मिसळलेले असतात. विहीर जसजशी जुनी होते, तसतसे पाण्याचे प्रमाण वाढत जाते. पुष्कळ जुन्या विहिरींतून तेलापेक्षा पाणीच अधिक निघते. हे पाणी भाताच्या खाचरात शिरले, तर त्यातील क्षार जमीन नापीक करतात. म्हणून ते मोठ्या टाक्यांत स्थिर ठेवतात. हलके तेल वर तरंगते, ते काढून घेतात. जे थेंब सहज वर येत नाहीत, त्यांच्यासाठी पाण्यात वायूचे बारीक बुडबुडे सोडतात. बुडबुड्यांना बिलगून ते पृष्ठभागावर येतात. ह्यानंतर पुष्कळदा हे पाणी पुन्हा खोल भूगर्भात दाबून सोडतात. जेथून आले तेथेच ते गेले, म्हणजे पिण्याचे पाणी सुरक्षित राहते. आणि त्याच्या दाबाने उरलेले तेल विहिरीकडे ढकलले जाते, हा दुहेरी लाभ. जमिनीवर सोडावयाच्या अशा पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक तेल नसावे, असा आपल्या देशातील नियम आहे. समुद्रात सोडावयाच्या पाण्यासाठी ही मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे.

टाक्यांच्या तळाशी मात्र काळा, चिकट गाळ साचत राहतो. तो पाण्यात मिसळत नाही आणि सहज जळतही नाही. ह्या गाळाच्या कामी विज्ञानाने मातीतील सूक्ष्म जीवांचेच साहाय्य घेतले आहे. खनिज तेलावर उपजीविका करणारे काही जीवाणू निसर्गातच आढळतात. आनंद मोहन चक्रवर्ती ह्या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत असताना, तेलाचे अनेक घटक पचवू शकेल असा जीवाणू प्रयोगशाळेत तयार केला. अशा सजीवाला पेटंट मिळू शकते, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिला. आपल्याकडे ‘टेरी’ ह्या संस्थेने निसर्गातीलच जीवाणू निवडून त्यांचे ‘ऑइलझॅपर’ नावाचे मिश्रण बनविले. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाची पूड करून तिच्यावर हे जीवाणू ठेवतात. ती तेलकट मातीत मिसळून, माती वरखाली करून ओलसर ठेवली, म्हणजे काही महिन्यांत तेलाचा मोठा भाग पचून जातो. शेतकऱ्याने टाकून दिलेले बुरकुंड तेलविहिरीच्या गाळावर औषध ठरावे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. मात्र ह्या जीवाणूंनाही मर्यादा आहेत. ते तेल खातात. शिसे किंवा पारा खाऊन नाहीसा करणे त्यांच्या शक्तीबाहेरचे आहे.

‘दृष्टीआड सृष्टी’ अशी एक म्हण आहे. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची चिंता कशाला, असा तिचा आशय. परंतु कारखान्याच्या गाळाच्या बाबतीत ही म्हण किती घातक ठरते, हे राजस्थानातील बिछडी गावाने अनुभवले आहे. उदयपूर जिल्ह्यातील ह्या गावाजवळ १९८७ च्या सुमारास ‘एच-आम्ल’ नावाचे, रंग बनविण्यास लागणारे रसायन तयार होऊ लागले. सुमारे ३७५ टन माल तयार झाला. पण त्यापोटी सुमारे २,४४० टन विषारी गाळ निघाला. म्हणजे मालाच्या साडेसहापट घाण! योग्य ती व्यवस्था न करता हा गाळ उघड्यावर टाकण्यात आला. पावसाचे पाणी त्यातून झिरपले आणि जमिनीखालच्या झऱ्यांना जाऊन मिळाले. पाहता पाहता सुमारे साठ विहिरींचे पाणी बिघडले. ते माणसांच्या, गुरांच्या वा पिकांच्या कोणाच्याच उपयोगाचे राहिले नाही. ज्या विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या गाव जगले, त्यांचे पाणी तोंडात घेता येईना. गावकरी संतप्त झाले. उत्पादन लवकरच बंद पडले. परंतु जमिनीत उतरलेले विष काही परत फिरले नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तेथील माती व पाणी ह्यांची पाहणी केली. १९९६ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने निर्णय दिला, की जो बिघाड करील त्यानेच तो दुरुस्त करण्याचा खर्च सोसला पाहिजे. पुढे २०११ साली न्यायालयाने ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. उत्पादन चालले ते दोन वर्षांच्या आतबाहेर. न्यायासाठी मात्र चोवीस वर्षे लोटली. गाळ निघाला त्याच दिवशी त्याची व्यवस्था केली असती, तर तिचा खर्च ह्या रकमेपुढे अगदी अल्प ठरला असता.

ती व्यवस्था कशी करतात? आम्लयुक्त पाण्यात चुना मिसळून त्याची तीव्रता घालवितात. त्याच वेळी विरघळलेले अनेक धातू तळाशी बसतात. पचण्याजोगी घाण हवा खेळवलेल्या टाक्यांत जीवाणूंच्या स्वाधीन करतात. ज्वालाग्राही विषारी द्रव १,१०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेच्या भट्टीत जाळतात आणि तिचा धूरही धुवून घेतात. उरलेला गाळ चुना किंवा सिमेंट ह्यांत घट्ट बांधून, चिकणमाती व जाड प्लास्टिक ह्यांचे अस्तर असलेल्या बंदिस्त खड्ड्यात ठेवतात. ह्या खड्ड्यातून पाझरणारे पाणी नळांनी गोळा करतात, आणि आसपासच्या विहिरींचे पाणी वरचेवर तपासतात. महाराष्ट्रात तळोजे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अनेक कारखान्यांचा घातक कचरा एकत्र आणून त्याची अशी विल्हेवाट लावण्याची केंद्रे आहेत.

ह्या सर्व उपायांतील एक मर्म विसरता कामा नये. पाणी स्वच्छ केले, की त्यातील घाण गाळात जाते. गाळ जाळला, की ती राखेत जाते. राख पुरली, की तिच्यावर पहारा ठेवावा लागतो. घाण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, तिचे रूप पालटते, पण तिचा हिशेब संपत नाही. म्हणून मुळात कमी घाण निर्माण होईल अशी रीत शोधणे, हाच श्रेष्ठ उपाय होय.

पाण्याचे प्रदूषण रोखण्यासाठी १९७४ साली, पर्यावरणाच्या रक्षणासाठी १९८६ साली आपल्या देशात कायदे झाले. घातक कचऱ्याचे नियम १९८९ साली झाले व २०१६ साली ते नव्याने करण्यात आले. कचरा कोठून निघाला आणि कोठे पोचला, ह्याची लेखी नोंद त्याच्या मोटारीबरोबर असावी लागते. परंतु रात्रीच्या अंधारात ओढ्याच्या काठी मोटार रिकामी करणाऱ्या हाताला केवळ कागद अडवू शकत नाही. त्याला अडविते ती त्या ओढ्याचे पाणी कोण पिते ह्याची जाणीव, आणि काठावरच्या गावाची जागरूक नजर. तेल आणि रंग ह्यांवाचून आजचे जीवन चालणार नाही, हे खरे. पण त्यांची किंमत ठरविताना त्यांच्या गाळाचा खर्चही धरला पाहिजे. तो खर्च जो मालक टाळतो, त्याचे देणे कोठल्यातरी खालच्या गावाच्या विहिरीला फेडावे लागते.

अभ्यास

१. उकिरड्यातील कचरा आणि कारखान्यातील गाळ ह्यांत कोणता महत्त्वाचा फरक आहे?
२. तेलविहीर खोदताना वापरल्या जाणाऱ्या चिखलाची कामे सांगा.
३. तेलाबरोबर निघणारे पाणी पुन्हा भूगर्भात सोडल्याने कोणते दोन लाभ होतात?
४. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण बिछडी गावाच्या बाबतीत घातक कशी ठरली, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. आपल्या गावातील किंवा जवळच्या एखाद्या कारखान्यातील सांडपाणी कोठे जाते, ह्याची माहिती मिळवा व दहा ओळी लिहा.