नावेच्या गाडीची व साहित्याची निगा

यवतमाळ जिल्ह्यात पूस, अरुणावती व बेंबळा या जलाशयांवर, तसेच पैनगंगेवरील इसापूर धरणात मासेमारी चालते. उन्हाळ्यात पाणी मागे सरते आणि नाव गोट्यांवरून ओढत न्यावी लागते. त्यामुळे फायबरच्या नावेचा तळ घासतो. त्याऐवजी ट्रॅक्टरमागे जोडता येणारी दोन चाकांची गाडी करून घ्यावी.

नावेचा तळ शक्यतो सर्व लांबीभर फळ्यांवर टेकावा. दोनच ठिकाणी आधार दिल्यास धक्क्याने तळाला तडे जातात. फळ्यांवर जुन्या ट्यूबचे रबर ठोकावे. नाव अशी ठेवावी की एकूण वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा भार हुकावर येईल. मागे भार वाढला की गाडी डोलते.

खरे नुकसान मात्र चाकात होते. लांबून आलेल्या गाडीचा हब तापलेला असतो. तो एकदम पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावून पाणी ओढले जाते व बेअरिंग गंजते. म्हणून हब हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. ग्रीस दुधाळ दिसल्यास हब उघडून, पुसून नवे ग्रीस भरावे.

नायलॉनचा दोर उन्हाने कमकुवत होतो, तो सावलीत ठेवावा. नावेत माणसे तितकी लाइफ जॅकेट हवीत. पुष्कळ जण ती गादीसारखी बसायला घेतात. फोम दबला की तरंगण्याची शक्ती घटते. पट्टीचा पोहणाराही जाळ्यात पाय अडकल्यास बुडतो, तेव्हा जॅकेट अंगात घालूनच वल्हे हाती घ्यावे.