टँटो पात्याचा घडीचा चाकू: दिसण्यावर विकायचा की कामावर?



व्हिडिओत आपण बघितलं की भांडवल घालण्याआधी माल ओळखायचा असतो. आज त्याचाच सराव एका मालावर करू. ट्रेकिंगचं सामान, हार्डवेअर किंवा पॅकिंगचं साहित्य विकायचं ठरवलं की यादीत घडीचे चाकू येतातच. त्यातही नवा विक्रेता हमखास टँटो पात्याकडे ओढला जातो, कारण फोटोत ते सगळ्यात भारी दिसतं. पण फोटो बघून घेतलेला माल गिऱ्हाईक परत पाठवतं, तेव्हा पैसे तुमचे अडकतात. म्हणून आधी हे पातं समजून घेऊ.

टँटो म्हणजे नेमकं काय?

टँटो हे मुळात जपानी सामुराईंचं आखूड शस्त्र. पण आज स्वस्त घडीच्या चाकूंवर जो कोनाकोनाचा आकार दिसतो, तो बराचसा अमेरिकन आहे. जुन्या जपानी टँटोची धार टोकाकडे साधारणपणे हलकेच वळत जाते. धारेला ठळक कोपरा देणारा आकार १९८० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झाला. त्यात लिन थॉम्पसन यांच्या कोल्ड स्टील या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा मोठा वाटा होता. म्हणजे जाहिरातीत ‘अस्सल सामुराई डिझाइन’ असं लिहिलं, तर जाणकार गिऱ्हाईक तिथेच हसेल.

आता आकार बघा. नेहमीच्या ड्रॉप पॉइंट पात्याची धार टोकाकडे जाताना गोलाईने वर चढते. या गोलाईला आपण धारेचं पोट म्हणू. टँटोला पोट नसतं. मुख्य धार सरळ जाते, एका कोपऱ्यावर थांबते आणि तिथून दुसरी छोटी सरळ धार टोकापर्यंत चढते. म्हणजे एकाच पात्यावर दोन धारा आणि दोन टोकं: एक खरं टोक आणि दुसरा हा कोपरा.

कुठल्या कामाला चांगलं?

१. टोकाला जोर लागतो तिथे. टोकाच्या मागे लोखंड जास्त राहतं, त्यामुळे जाड प्लॅस्टिक किंवा रबर भोसकताना टोक सहज मोडत नाही. तरी कुठलाच घडीचा चाकू पाना किंवा पहार म्हणून वापरायचा नसतो, हे गिऱ्हाइकाला सांगा.

२. खरवडायला. पुढची छोटी सरळ धार सुताराच्या पटाशीसारखी चालते. जुनं लेबल, वाळलेला गोंद, रंगाचे पापुद्रे काढायला सोयीची.

३. खोकी उघडायला. कोपरा चिकटपट्टीवर टेकवायचा आणि ओढायचा. टोक आत खोल जात नाही, त्यामुळे आतला माल वाचवणं सोपं जातं.

४. सुतळी, दोरी, पॅकिंगची पट्टी कापायला. मुख्य धार सरळ असल्यामुळे ओढून कापणं सोपं.

कुठे फसतं?

स्वयंपाकात. आपल्या विळीचं पातं वाकडं का असतं? वस्तू धारेवरून सरकत जावी म्हणून. तीच सोय पोट असलेल्या पात्यात असते. टँटोने कांदा-टोमॅटो कापताना कोपरा पाटावर अडतो आणि पातं डोलवता येत नाही. पाव, फळं, मासे यांसाठी हा चाकू घेणारं गिऱ्हाईक नाराज होणार, हे धरून चाला.

दुसरी अडचण धार लावण्याची. दोन्ही धारांना दगडावर वेगवेगळं धरावं लागतं. नवशिका माणूस एकाच फटक्यात दोन्ही घासतो आणि मधला कोपरा गोल करून टाकतो. कोपरा गेला की या पात्याचा अर्धा उपयोग गेला. विकताना दोन ओळींची चिठ्ठी सोबत द्या: आधी लांब धार कोपऱ्यापर्यंत, मग चाकूचा कोन बदलून पुढची धार. खर्च नगण्य, पण तक्रारी कमी होतात.

पोलादाचं नाव वाचायला शिका

स्वस्त मालात तीन नावं वारंवार दिसतील.

- ३सीआर१३: मऊ. गंज कमी, पण धार लवकर जाते.
- ८सीआर१३एमओव्ही: कार्बन साधारण ०.८ टक्के, क्रोमियम साधारण १३ टक्के. या किमतीत समतोल माल, आणि धार घरीसुद्धा लावता येते.
- डी२: धार जास्त टिकते, पण पूर्ण स्टेनलेस नाही. कोकणातल्या किंवा पावसाळी दमट हवेत तेल न लावता ठेवला तर डाग पडतात. आणि टँटोच्या दोन धारा डी२ मध्ये लावायला वेळही जास्त लागतो.

पात्यावर किंवा डबीवर पोलादाचं नावच नसेल, तर पुरवठादाराला विचारा. उत्तर गोलमोल आलं तर नमुन्यापुढे जाऊ नका.

नमुना हातात आल्यावर काय तपासायचं?

- उघडून लॉक बसू द्या. पातं वर-खाली किंवा डावी-उजवीकडे हलतंय का?
- बंद केल्यावर टोक मुठीच्या पूर्ण आत जातं का? बाहेर राहिलं तर खिसा फाटेल आणि बोट कापेल.
- दोन्ही बाजूंचा कोपरा एकाच जागी आलाय का? स्वस्त टँटोत घासकाम वाकडं असेल तर ते इथेच दिसतं.
- कागद कापून बघा, पण दोन्ही धारांनी. पुढची धार पुष्कळदा बोथट येते.

कायदा: हा भाग वगळायचा नाही

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. खिशातल्या चाकूचं पातं बहुधा ३ ते ३.५ इंचांचं असतं, म्हणजे या मापाच्या बरंच खाली. तरी एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस ठराविक काळासाठी चाकू बाळगण्यावर बंदी घालू शकतात. बटण दाबताच उघडणारे चाकू ठेवूच नका. दिल्लीत अशा चाकूंसाठी वेगळी अधिसूचना आहे. विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगा. ऑनलाइन विकणार असाल तर त्या संकेतस्थळाचे नियम आधी वाचा आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. ‘सेल्फ डिफेन्स’ असं लिहून जाहिरात करू नका. तुम्ही अवजार विकताय, शस्त्र नाही.

बिलासाठी चाकूंचा एचएसएन ८२११ लक्षात ठेवा. आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि मूळ देश छापलेला आहे का, तेही बघा.

आता गणित

समजा, एक नग ६०० ला घेतला आणि ९०० ला विकला. नफा ३००. तो परत आला, तर जाण्यायेण्याचं कुरिअर १६० धरा आणि वापरलेला नग ४५० ला काढावा लागला असं धरा. तोटा १५० अधिक १६०, म्हणजे ३१० रुपये. एक परतीचा नग दुसऱ्या चांगल्या विक्रीचा सगळा नफा खातो, वर दहा रुपये तुमच्या खिशातून जातात.

म्हणून विकण्याआधी एकच प्रश्न विचारा: “दादा, याने रोज काय कापणार?” उत्तर “दुकानातली खोकी” असं आलं तर टँटो दाखवा. “ट्रेकला भाजी, फळं” असं आलं तर ड्रॉप पॉइंट द्या, तो स्वस्त असला तरी. त्या दिवशी पन्नास रुपये कमी मिळतील, पण माणूस पुन्हा येईल.

मोठ्या कंपन्याही हेच ओळखून आहेत. कोल्ड स्टीलचा रेकॉन १ किंवा सीआरकेटीचा एम१६ बघा: मूठ तीच, पात्याचे आकार वेगवेगळे. आकार दिसण्यासाठी नाही, कामासाठी निवडायचा असतो.

आजचा गृहपाठ

पहिली ऑर्डर १० नगांची धरा. तुमच्या भागातल्या दहा संभाव्य गिऱ्हाइकांना वरचा प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. तिघांनी खोकी, पट्टी, खरवडणं असं सांगितलं तर टँटो तीनच घ्या, बाकीचे सात ड्रॉप पॉइंट. वही काय सांगते ते ऐका. फोटो काय सांगतो त्यावर पैसे लावू नका.

भेटू पुढच्या धड्यात. तोवर माल हातात घेऊन बघत राहा!