आईच्या डोळ्यातला स्टेंट

अगं, स्टेंट म्हटलं की आपल्याला हृदयच आठवतं, म्हणून तू एवढी घाबरलीस. डोळ्यातला हा केवढासा असतो सांगू? आयस्टेंट नावाच्या स्टेंटला अमेरिकेत 2012 साली मान्यता मिळाली, तो टायटॅनियमचा आणि जेमतेम एक मिलिमीटर लांब. डोळ्यात आतल्या आत सतत पाणी तयार होत असतं (अश्रू नव्हेत, ते वेगळे) आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून ते बाहेर जातं. मोरीच्या जाळीसारखी ती तुंबली की दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू मरत जाते, हाच काचबिंदू. स्टेंट त्या जाळीतून पाण्याला वाट काढून देतो. मोतीबिंदूसाठी छेद घ्यायचाच आहे, त्यातूनच हेही होतं. डॉक्टर दोन्ही एकदम करू म्हणतात ते म्हणूनच.

पण आईला आधीच नीट सांग. मोतीबिंदू निघाल्यावर स्वच्छ दिसेल ते नव्या लेन्समुळे. काचबिंदूनं गेलेली नजर स्टेंटनं परत येत नाही, उरलेली राखायची एवढंच. ड्रॉप्स काहींचे सुटतात, काहींचे नुसते कमी होतात. आपल्या मनानं तिनं एकही बंद करायचा नाही, आणि ती करेल, तुला माहितेय!

डॉक्टरांना विचारायला लाजू नकोस. गोनिओस्कोपी करून ती जाळी असते तो डोळ्यातला कोन उघडा आहे ना, हे पाहिलंय का? आपल्याकडे बंद कोनाचा काचबिंदूही पुष्कळ, त्याचे उपचार वेगळे. फील्ड टेस्ट काय सांगते? आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर स्टेंट ठीक. खूप पुढे गेला असेल आणि दाब बराच खाली आणायचा असेल, तर ट्रॅबेक्युलेक्टमी ही जुनी शस्त्रक्रियाच बरी. तिचे धोके जास्त, पण दाबही तीच जास्त उतरवते.

आणि कोणता स्टेंट, तेही विचार. सायपास नावाचा एक 2016 मध्ये मंजूर झाला आणि 2018 मध्ये कंपनीनंच बाजारातून मागे घेतला. पाच वर्षांच्या पाहणीत पारपटलाच्या पेशी जास्त कमी झालेल्या दिसल्या होत्या. नवीन आहे म्हणून भुलायचं नाही, किती वर्षांचा अनुभव आहे ते बघायचं.

शेवटचं तुझ्यासाठी. आईला काचबिंदू म्हणजे आपल्या दोघींनाही धोका जास्त, आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. नुसता दाब मोजून येऊ नकोस, दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो. नसही तपासून घे, याच महिन्यात.