गाडी विकली, पण मालक कोण?

मी कॉन्व्हेंटची, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी बाबांची जुनी स्प्लेंडर आम्ही विकली. पैसे मिळाले, आर.सी. आणि चावी दिली, एजंटने सांगितलं म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्यासुद्धा केल्या. चार महिन्यांनी बाबांच्या मोबाईलवर सिग्नल तोडल्याचं ई-चलन!

चलन परवडलं, खरी भीती अपघाताची. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी कितीतरी हातांतून फिरली होती, तरी आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचं नाव, भरपाई त्यानेच द्यायची असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं. म्हणजे पैसे घेतले तरी कायद्याने मालक आपणच!

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५० वाचा. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं, तो फॉर्म २९. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं, त्यासाठी फॉर्म ३०. लोन असेल तर फॉर्म ३५ वर बँकेची सही लागते. इन्शुरन्सही नव्या नावावर करायचा.

आमचा फॉर्म २९ एजंटच्या ड्रॉवरमध्येच पडून होता. बाबांनी सात फोन केले तेव्हा तो हलला. चलन मात्र आम्हीच भरलं.