वाचकांचे प्रश्न : गेमिंगचा मॉनिटर आणि बिलावरचं नाव

प्रश्न : मुलगा ब्रह्मपुरीतच कॉलेजला आहे. त्याच्याकडे नागपूरहून घेतलेला जुना कॉम्प्युटर आहे, त्यात जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. आता त्याला गेमिंगचा मॉनिटर पाहिजे, तोही २७ इंची आणि २४० हर्ट्झचा. धानाचे चुकारे आले आहेत, त्यातून बारा-तेरा हजार बाजूला काढता येतील. ओळखीचे एक दुकानदार म्हणतात, माझ्या जीएसटी नंबरावर मागवा, अठरा टक्के वाचतील. तसं करावं का? शिवाय या गेमिंगच्या नादात पोरगा पैशाच्या खेळांकडे वळेल, ही धास्ती आहेच.
– एक पालक, ब्रह्मपुरी

उत्तर : ओळखीच्या माणसाचा शब्द मोडवत नाही, पण हा मोडा. ११,८०० रुपयांच्या मॉनिटरमध्ये १,८०० रुपये जीएसटीचे असतात. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या पडद्यांचा दरही २८ वरून १८ टक्क्यांवर आला, लहान पडद्यांना तो आधीपासूनच १८ होता.) दुकानदार हा मॉनिटर स्वतःच्या धंद्यासाठी घेतल्याचं दाखवून ते १,८०० रुपये आपल्या कराच्या देण्यातून वळते करणार. वस्तू घरगुती वापरात गेली तर ही वजावट कायद्यात बसत नाही. उघडकीस आलं तर रक्कम व्याजासकट भरावी लागते आणि दंडही होऊ शकतो.

ते झालं त्यांचं. तुमचं नुकसान वेगळं आहे. बिल त्यांच्या फर्मच्या नावाचं होणार, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) नुसार व्यापारी कामासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर तेवढी सूट आहे; फर्मच्या खात्यावर टाकलेल्या आणि तुमच्या घरात चालणाऱ्या मॉनिटरला ती कुठून लागणार? उद्या पडद्यावर उभी हिरवी रेघ आली आणि कंपनीने हात वर केले, तर ग्राहक आयोगापुढे समोरच्याचा पहिला आक्षेप हाच असेल की हा माणूस आमचा ग्राहकच नाही. १,८०० रुपयांसाठी तीन वर्षांची वॉरंटी आणि दाद मागायचा हक्क दुसऱ्याच्या नावावर करू नका. बिल तुमच्या किंवा मुलाच्या नावाचं घ्या. त्यावर पूर्ण मॉडेल नंबर असू द्या, नुसतं ‘२४ इंच एलईडी’ नको, आणि सिरीयल नंबर लिहून घ्या.

आता मॉनिटरकडे वळू. मुलाचं चुकलेलं नाही. त्याला पडदा चपळ हवा आहे आणि ती मागणी रास्त आहे. पण पडदा किती चपळ घ्यायचा हे ग्राफिक्स कार्डाला विचारायचं असतं. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात तर जवळजवळ दहा मिलिसेकंद मिळतात. ते डोळ्याला पहिल्याच दिवशी जाणवतात. माउस फिरवला तरी कळतं. १४४ वरून २४० वर गेलात तर तीन मिलिसेकंदही हाती लागत नाहीत, आणि पैसे मात्र तिथेच जास्त मोजावे लागतात. त्यातही कार्डाने सेकंदाला तेवढी चित्रं तयार केली तरच पडदा ती दाखवणार. जीटीएक्स १६५० हे २०१९ चं, ४ जीबीचं कार्ड. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ ते सेटिंग खाली आणून शंभराच्या पुढे नेतं, पण मोठ्या नव्या खेळात त्याची साठीशीही ओढाताण होते. या कार्डावर २४० हर्ट्झचा पडदा लावणं म्हणजे पैसे गोठवून ठेवणं.

२७ इंचांबद्दलही माझं मत विरुद्ध आहे, निदान या बजेटमध्ये. बारा-तेरा हजारांत मिळणारे २७ इंची पडदे बहुधा फुल एचडीच असतात, म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. तेच ठिपके २४ इंचांवर दर इंचाला ९२ पडतात, २७ इंचांवर ८२. दोन फुटांवर टेबलाशी बसून वाचताना अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसतात, आणि मुलगा खेळून झाल्यावर अभ्यासही त्याच पडद्यावर करणार आहे. २७ इंचांना १४४० ओळींचा पडदा शोभतो, दर इंचाला १०९ ठिपके. पण तो सतरा-अठरा हजारांच्या घरात जातो, आणि एवढे ठिपके रंगवायला कार्डही दमाचं लागतं.

म्हणून २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेल आणि १४४ ते १८० हर्ट्झ यांतलं काहीतरी घ्या. नऊ ते तेरा हजारांत चांगल्या कंपन्यांचे असे पडदे सध्या मिळतात. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद दिसतो (उजेड-काळोखाची तफावत साधारण ३०००:१, आयपीएसची १०००:१ च्या आसपास), पण स्वस्त व्हीएमध्ये अंधाऱ्या दृश्यातली हलती वस्तू मागे काळपट ओघळ सोडते. वेगाने नेमबाजी करणाऱ्या पोराला ते खटकेल. सिनेमाच जास्त पाहणार असाल तर व्हीए वाईट नाही. फ्रीसिंक आहे का पाहा. त्याने कार्डाचा वेग खालीवर झाला तरी चित्र फाटत नाही, आणि मध्यम कार्डाला याचाच खरा उपयोग. एनव्हिडियाने जानेवारी २०१९ पासून आपल्या १० मालिकेच्या आणि पुढच्या कार्डांना अशा पडद्यांवर ही सोय दिली आहे, म्हणजे तुमचं कार्ड त्यात बसतं. त्यासाठी डिस्प्लेपोर्टची केबल लावा. खोक्यावरच्या ‘१ एमएस’ (एक मिलिसेकंद) या प्रतिसादाच्या वेळेला भुलू नका. ती जीटीजी की एमपीआरटी, हे बारीक अक्षरांत दिलेलं असतं आणि दोन्ही मोजण्याच्या रीती निराळ्या आहेत. स्वस्त पडद्यावरच्या ‘एचडीआर’साठी जादा एक रुपयाही देऊ नका.

ब्रह्मपुरीच्या ग्राहकाने एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या ग्राहकापेक्षा जास्त पाहायला हवी. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान शून्य ते ४० अंश असं छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो. दुपारी बंद खोलीत, कूलर नसताना, मॉनिटर तासन्‌तास चालवू नका. कूलर असेल तर मॉनिटर त्याच्या झोतात ठेवू नका, कारण तुषार आत गेले तर वॉरंटीतून ‘पाण्याने झालेलं नुकसान’ म्हणून बाद करतात. कमी-जास्त दाबाच्या विजेचंही तसंच. सर्ज प्रोटेक्टरचे चारपाचशे रुपये बजेटमध्येच धरा, आणि वीज कडाडायला लागली की प्लग काढायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

वॉरंटी ऑन-साइट की कॅरी-इन, हेही आधीच विचारा. जाहिरातीत ‘तीन वर्षं’ असतं, पण मिस्त्री घरी येणार की मॉनिटर बसमध्ये घालून नागपूरला न्यायचा, ते पिनकोडवर ठरतं. कंपनीच्या ग्राहक सेवेला ४४१२०६ हा आपला पिनकोड सांगून ईमेलवर उत्तर मागवा. फोनवरच्या होकाराला पुढे काही किंमत राहत नाही. दोन मॉनिटर सारख्याच किमतीचे असतील तर घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या कंपनीचा घ्या, मग त्याचे हर्ट्झ वीस कमी असले तरी चालेल.

तुमच्या धास्तीबद्दल. खेळ आणि पैशाचा खेळ यांच्यात कायद्याने आता स्पष्ट रेघ ओढली आहे. ऑनलाइन गेमिंगबाबतच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ चालवणं त्याने गुन्हा ठरवलं असून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. ई-स्पोर्ट्सना मात्र त्यातच मान्यता आहे. मॉनिटरने कुणी जुगारी होत नाही. पैसे जातात ते मोबाईलच्या यूपीआयमधून. तेव्हा मुलाशी बोलायचं ते तुमच्या खात्याला जोडलेल्या फोनबद्दल बोला. सन २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. हा मॉनिटर म्हणजे पाच क्विंटल धान. हा हिशेब मुलाला दाखवा, रागावण्यासाठी नव्हे, तर मॉनिटर निवडण्यात त्यालाही जबाबदार धरण्यासाठी.

प्रश्न : दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. कॉम्प्युटर ६० हर्ट्झच दाखवतो. शिवाय मधोमध एक हिरवा ठिपका सतत पेटलेला असतो. दहाव्या दिवशी तक्रार केली तर विक्रेता म्हणतो सात दिवसांची मुदत संपली, आणि कंपनी म्हणते एक ठिपका दोषात धरत नाही. दाद कुठे मागायची?
– एक विद्यार्थी, वडसा

उत्तर : हर्ट्झच्या बाबतीत फसवणूक झाली असं लगेच धरू नका. विंडोज पुष्कळदा नवा पडदा ६० वरच लावतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथून ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन १६५ निवडा. यादीत १६५ नसेल तर केबल बदला. एचडीएमआय १.४ चं जुनं पोर्ट फुल एचडीला १६५ पर्यंत जात नाही. डिस्प्लेपोर्टवरही १६५ आलं नाही तर मात्र वस्तू जाहिरातीप्रमाणे नाही.

ठिपक्याचं प्रकरण किचकट आहे. कंपन्या बहुधा आयएसओ ९२४१-३०७ या मानकाचा आधार घेऊन ठरावीक संख्येपर्यंतचे बिघडलेले ठिपके दोषात धरत नाहीत. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, त्यामुळे एखादा बिघडला म्हणून पडदा बदलून देणार नाही, अशी त्यांची भूमिका. पण कित्येक कंपन्या काळ्या ठिपक्याला एक नियम लावतात आणि सतत पेटलेल्या ठिपक्याला दुसरा, अधिक कडक. तुमच्या मॉडेलचं धोरण कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि त्याच भाषेत लेखी तक्रार करा. पूर्ण काळा पडदा ठेवून, शेजारी पट्टी धरून ठिपक्याचा फोटो काढा आणि सिरीयल नंबरचा फोटोही जोडा.

मुदत संपल्याचं उत्तर विक्रेत्याला कायमचं वाचवत नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० च्या नियम ६ प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वैशिष्ट्यांची नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. आधी त्याला लिहा आणि सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात, कारण आयोगापर्यंत जाणं कंपनीलाही परवडत नाही.

नाहीच मिटली तर विक्रेता बंगळुरूचा असला तरी तुम्ही बंगळुरूला जायचं नाही. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगाला अधिकार दिला आहे. वडसा गडचिरोली जिल्ह्यात, म्हणून तुमचं ठिकाण गडचिरोली. वैनगंगेच्या या काठावर, ब्रह्मपुरीत, राहत असता तर चंद्रपूर. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरून दाखल होते आणि सुनावणीही व्हिडिओवरून मागता येते. मुदत दोन वर्षांची. कायदा तीन महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागली तर पाच महिन्यांत, निकाल लावण्याचा प्रयत्न करा असं म्हणतो. प्रत्यक्षात जास्त काळ धरून चाला. एका ठिपक्यासाठी मी तुम्हाला आयोगात जा म्हणणार नाही. १६५ चा पडदा खरंच ६० वर अडकला असेल तर जरूर जा.

प्रश्न : ‘नो कॉस्ट ईएमआय’वर मॉनिटर घेतला तर खरंच जादा काही पडत नाही का?
– एक शिक्षिका, नागभीड

उत्तर : पडतं, थोडं. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनेत बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो म्हणून हप्त्यांची बेरीज किमतीएवढी दिसते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याकडून जातं. १२,००० रुपये, सहा हप्ते, व्याज १६ टक्के आणि शुल्क १९९ रुपये धरलं तर व्याज सुमारे ५४० रुपये होतं, त्यावरचा कर ९७, आणि शुल्क करासह २३५. म्हणजे साधारण ३३० रुपये जादा. यापेक्षा खटकणारी बाब अशी की रोख किंवा यूपीआयवर मिळणारी सूट ईएमआय घेतला की पुष्कळदा निघून जाते. पैसे भरण्याच्या पानावर दोन्ही पर्याय उघडून शेवटची रक्कम पाहा, आणि दुकानात घेत असाल तर दोन्ही रकमा कोटेशनवर लिहून मागा. एक हप्ता चुकला तर क्रेडिट कार्डाचं नेहमीचं, वर्षाला ३५-४० टक्क्यांच्या घरातलं व्याज आणि दंड लागतो, तेव्हा पगाराच्या तारखेनंतरचीच हप्त्याची तारीख मागून घ्या.