ओळख परिचयासाठी, वर्चस्वासाठी नव्हे



दिव्य कुरआनातील सूरह अल-हुजुरातच्या १३ व्या आयतीचा आशय असा, की मानवजातीची कुळे आणि जमाती परस्परपरिचयासाठी आहेत. प्रतिष्ठा मात्र ईशपरायणतेने ठरते. म्हणजे इस्लाम वंश व भाषा नाकारत नाही. सूरह अर-रूमच्या २२ व्या आयतीत भाषा आणि वर्णांचे वैविध्य अल्लाहच्या निशाण्यांत गणले आहे. मनाई आहे ती या वैविध्याची उतरंड रचण्यास. बिलाल (रजि.) हबशी, सलमान (रजि.) फारसी व सुहैब (रजि.) रूमी याच नावांनी आजही ओळखले जातात. इस्लामने त्यांची ओळख पुसली नाही. तिच्यावरील हीनतेचा शिक्का पुसला.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. साकीनाक्याच्या खैरानी रोडवर उत्तर प्रदेशचा कारागीर, कोकणी मुसलमान आणि घाटावरचा मराठी हिंदू एकाच परिसरात पोट भरतात. तरीही ‘मराठी’ म्हणजे हिंदू आणि ‘मुसलमान’ म्हणजे परप्रांतीय, हा समज दोन्हीकडे रुजला आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत अनेकांनी आपापल्या लोकांत आसरा शोधला. तेव्हापासून तो अधिकच घट्ट झाला. वस्तुतः संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बार्शीचे शाहीर अमर शेख यांचा आवाज घुमला होता. १ मे १९६० रोजी स्थापन झालेले हे राज्य आपलेही आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक हवे.

दोष केवळ इतरांचा नाही. सोयरीक जुळवताना ‘आपल्याकडचे आहेत का?’ हा प्रश्न आपणही दीनदारीच्या आधी विचारतो.

मग स्वजनांवर प्रेम करणे ही असबियत, म्हणजे जमातीचा दुराभिमान होय काय? हाच प्रश्न प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारला गेला. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की नाही. स्वजनांना अन्यायात साथ देणे ही असबियत. उद्याच्या ओळखीची कसोटी हीच आहे. भाषेवरून एखाद्या फेरीवाल्याचा अपमान होत असता, ‘तो आपला नव्हे’ म्हणून मान फिरवणारा या कसोटीस उतरत नाही, मग तो कोणत्याही जमातीचा असो.

साकीनाक्याचे मूल उद्या घरी अवधी, मदरशात उर्दू आणि बाजारात मराठी बोलेल. त्याला यांपैकी एक निवडण्याची सक्ती करू नका. सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीनुसार प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्या भाषेतच पाठविला गेला. शेजाऱ्याची भाषा उत्तम शिकणे हे म्हणूनच आपले दीनी कर्तव्य समजावे.

अल्लाह आपणांस न्यायाच्या बाजूने उभे राहण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.